एल्कसाठी रायफल, काडतूस आणि गोळी: जून ते नोव्हेंबरच्या नोंदी

५ जून

शिकारीच्या परवान्याच्या ड्रॉचा निकाल आला, टॅग (म्हणजे तो परवाना) लागला! मादी एल्क (हरणातलीच एक मोठी जात), दुसरा रायफल सीझन, म्हणजे ऑक्टोबर संपता संपता. जागा मीकर गावाच्या पूर्वेला, फ्लॅट टॉप्स डोंगरांच्या उतारांवर. व्हाइट रिव्हरचा कळप म्हणतात तो हाच, कोलोरॅडोतला सगळ्यात मोठा, आणि मुळात कोलोरॅडोत अमेरिकेतल्या इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त एल्क आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे ते जवळपास संपत आले होते, मग १९१३-१४ मध्ये यलोस्टोनहून आणून एस्टेस पार्कच्या बाजूला सोडले, तसे अजून काही ठिकाणी सोडले आणि पुढे हळूहळू वाढले. आज टॅगची जी फी भरतोय ती ह्याच कामाला जाते, शिवाय रायफल-काडतुसांवर १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने ११ टक्के केंद्रीय कर आहे तोही वन्यजीवांच्याच खात्यात जातो. हे आधी लिहून ठेवतो कारण भारतातले मित्र लगेच विचारतात की शिकार कशी काय चालते. भारतात १९७२ च्या कायद्यानंतर ती बंद आहे आणि बंदच असावी असं माझंही मत आहे, तिथल्या जंगलांची अवस्थाच वेगळी. इथे किती मादी काढायच्या हा आकडा दरवर्षी राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं.

तर काम असं, रायफल कुठली, काडतूस कुठलं आणि त्यातली गोळी कुठली हे सप्टेंबरच्या आत पक्कं करायचं. हरीण मारायचा अनुभव आहे, एल्कचा नाही.

७ जून

नियम काढून वाचले. एल्कसाठी कोलोरॅडोत किमान .२४ कॅलिबर (गोळीचा व्यास, इंचात), गोळी किमान ८५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे वजनाचं बारीक माप, साधारण ०.०६५ ग्रॅम), आत गेल्यावर पसरणारी, आणि १०० यार्डांवर किमान १००० फूट-पाउंड ऊर्जा. म्हणजे कायद्याने .२४३ विंचेस्टर पण चालते. पण "चालते" आणि "पुरते" ह्यात फरक आहे. रॉकी माउंटन एल्कची मादी साधारण २२५ किलो आणि नर ३२० किलोच्या आसपास, म्हणजे मादी सुद्धा आपल्या सांबराच्या चांगल्या वाढलेल्या नराएवढी. जाड कातडं, हिवाळ्याची लव, पुढच्या फऱ्याचं भरीव हाड, आणि ह्या सगळ्याच्या पलीकडे दोन फुफ्फुसं. शिवाय एल्क चिवट, ह्यावर इथल्या सगळ्यांचं एकमत आहे. एका फुफ्फुसात गोळी लागलेलं जनावर दरीत उतरून मैलभर जाऊ शकतं आणि मग ते तुम्हाला सापडेलच असं नाही.

संध्याकाळी आईशी बोललो. तिला शिकारीचं वावडं नाही, कोकणात आजोळी शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. तिने एकच विचारलं, "फार तडफडत नाही ना रे ते?" मी म्हटलं, नेम वर्मी लागला तर काही सेकंदांत खेळ संपतो. ती म्हणाली, "मग वर्मीच लागेल एवढं बघ." बास, प्रकल्पाची व्याख्या ह्याहून स्वच्छ मला करता आली नसती. ह्यापुढचा प्रत्येक निर्णय ह्या एका प्रश्नावर तपासायचा.

१४ जून

आठवडाभर कॅलिबरबद्दल वाचतोय, ह्या वादाला अंत नाही. जुना वाद ओकॉनर विरुद्ध कीथ. जॅक ओकॉनर .२७० विंचेस्टरचा पुरस्कर्ता, म्हणायचा हलकी वेगवान गोळी नीट जागी टाका, काम होतं. एल्मर कीथ आयडाहोचा, त्याला .३३ च्या खालचं काहीच एल्कसाठी पुरेसं वाटायचं नाही, जड गोळी, मोठं भोक. दोघांनी आयुष्यभर एल्क मारले आणि दोघांचे एल्क पडले! मला वाटतं दोघंही आपापल्या काळातल्या गोळ्यांबद्दल बोलत होते, तेव्हाच्या साध्या गोळ्या म्हणजे तांब्याच्या पातळ कवचात शिसं, मोठ्या हाडावर त्या फुटायच्या, म्हणून कीथला वजन हवं होतं. ती अडचण आता पुष्कळशी सुटली आहे.

आजचे उमेदवार: .२७० (१९२५), .३०-०६ (१९०६), .३०८ (१९५२), ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम (१९६२), .३०० विंचेस्टर मॅग्नम ऊर्फ विन मॅग (१९६३), आणि नव्यांत ६.५ क्रीडमोर, ६.५ पीआरसी, ७ पीआरसी. घरी .३०-०६ आहे, २२ इंची नळीची, स्कोपसकट साधारण ८ पाउंड. नवीन रायफल घ्यायची तर तिला कारण पाहिजे.

चेयेनला सांगलीकडचे एक दादा राहतात, वायोमिंगमध्ये बरीच वर्षं एल्क मारतायत. त्यांना फोन केला, म्हटलं दादा कुठलं कॅलिबर घेऊ? ते म्हणाले, "कॅलिबर मागनं बघू, आधी सांग, तू बसून किती यार्डांवर ताटलीत गोळी टाकतोस?" मला सांगता येईना. "मग ते आधी शोधून काढ आणि मला फोन कर."

२२ जून

रेंजवर गेलो. बेंचवरून मारणं बंद. नऊ इंची पेपर प्लेटा लावल्या, एल्कची फुफ्फुसं-हृदयाची जागा ह्यापेक्षा मोठी असते पण डोंगरात दम लागलेला असतो, वारा असतो, म्हणून मार्जिन ठेवलं. उभं राहून, गुडघ्यावर, बसून काठ्यांच्या आधाराने, आणि पालथं पडून सॅकवर नळी टेकवून. प्रत्येक बार मारायच्या आधी पार्किंगपर्यंत पळत जाऊन यायचं म्हणजे छाती धडधडत असते तेव्हा काय होतं ते कळतं.

निकाल असा: उभं राहून १०० च्या पुढे विचारच नको. बसून काठ्यांवर २०० यार्डांपर्यंत सगळ्या गोळ्या प्लेटमध्ये. सॅकवर पालथं पडून ३०० पर्यंत, आणि ३५० ला एखाद-दुसरी बाहेर जायला लागली. म्हणजे माझी हद्द ३००. बाकी सगळं ह्या आकड्यावरून मागे मागे मोजायचं.

दादांना कळवलं. ते खूश झाले, म्हणाले आता बोलू.

२९ जून

दादांनी सांगितलेला हिशोब मांडतो कारण मला तो फार पटलाय आणि असा सरळ मांडलेला कुठे वाचला नव्हता. गोळीला जनावराच्या अंगात गेल्यावर पसरायला वेग लागतो. प्रत्येक गोळीचा कंपनीने दिलेला किमान वेग असतो, उदाहरणार्थ नॉस्लर ॲक्युबाँडला १८०० फूट प्रति सेकंद. अखंड तांब्याच्या गोळ्या जास्त कडक, त्यांना मी २००० धरतो. ह्याच्या खाली वेग गेला की गोळी पेन्सिलसारखी आरपार जाते, भोक बारीक, जनावर लांब जातं. तर आधी स्वतःची हद्द, मग त्या हद्दीवर गोळीचा वेग किती उरतो ते, मग त्या वेगाला पसरणारी आणि तरीही पलीकडच्या फुफ्फुसापर्यंत पोचणारी गोळी, आणि शेवटी ती गोळी तेवढ्या वेगाने फेकणारं काडतूस. कॅलिबर सगळ्यात शेवटी येतं! लोक कॅलिबरपासूनच सुरू करतात आणि हजार डॉलर तिथेच जातात.

.३०-०६ मधून १८० ग्रेनची गोळी साधारण २७०० ने निघते. समुद्रसपाटीच्या हवेत ३०० यार्डांवर ती २१८० च्या आसपास असते, ऊर्जा १९०० फूट-पाउंड. एल्कसाठी १५०० हवी असा जुना ठोकताळा आहे, तो काही विज्ञान नाही, ऊर्जेने जनावर मरत नाही, फुफ्फुसं फाटल्याने मरतं, पण आकडा म्हणून ठीक. आणि आपण समुद्रसपाटीवर नाहीच आहोत, ९००० फुटांवर हवा जवळपास चोवीस टक्के विरळ असते, त्यामुळे गोळीचा वेग कमी मरतो, तिथे ४०० यार्डांवर जो वेग मिळतो तो खाली साधारण ३०० वर मिळतो.

म्हणजे घरातली रायफल पुरते, आरामात.

१२ जुलै

तरीही मॅग्नमची, म्हणजे जास्त दारूच्या जोरदार काडतुसाची, शंका मनातून जाईना म्हणून ऑफिसातल्या एकाची .३०० विन मॅग रेंजवर मारून बघितली. १८० ग्रेनच, पण २९६० ने. कागदावर सुंदर, ३०० यार्डांना गोळी .३०-०६ पेक्षा कमी पडते, वाऱ्यात कमी ढळते. खांद्याला मात्र फरक लगेच कळतो, साधारण आठ पाउंडच्या रायफलीत .३०-०६ चं रिकॉइल (मागे बसणारा धक्का) २० फूट-पाउंडच्या आसपास आणि .३०० विन मॅगचं २५ च्या पुढे.

मग दोघांनी डमीचा खेळ केला. दुसऱ्याने मॅगझिन भरायचं, खऱ्या काडतुसांत मधेच एक डमी (न उडणारं खोटं काडतूस) घालायची, मारणाऱ्याला माहीत नाही कुठली येणार. .३०-०६ वर डमी आली, खट्ट झालं आणि क्रॉसहेअर जिथल्या तिथे. विन मॅगवर डमी आली तेव्हा ट्रिगर दाबायच्या क्षणी नळीचं टोक सरळ खाली गेलं, चांगलं बोटभर, आणि स्कोपमधून प्लेटच गायब. मेंदू धक्क्याची वाट बघत होता. रायफलवाल्याचं पण तसंच झालं आणि तो ती चार वर्षं वापरतोय. एवढा एक प्रयोग ज्याने त्याने करावा, एक डमीचं पाकीट वीस डॉलरच्या आत येतं आणि नवीन रायफलीचे पैसे वाचवतं.

माझ्यासाठी मॅग्नमचा विषय इथे मिटला. ज्याला ती न दचकता मारता येते त्याने खुशाल मारावी, ७ एमएम रेम मॅग तर एल्कसाठी अप्रतिमच काडतूस आहे. ६.५ क्रीडमोरबद्दल पण विचार केला, धक्का जवळपास अर्धा, नेम सुरेख, आणि दरवर्षी त्याने एल्क पडतात. पण १४०-१४३ ग्रेनची बारीक गोळी, जनावर जरा तिरकं उभं असलं, फऱ्याच्या हाडातून जायचं असलं तर मला हातात मार्जिन हवं. बारीक चणीच्या किंवा नव्याने शिकणाऱ्या माणसाला मी तीच देईन, चांगली गोळी घालून आणि २०० यार्डांची हद्द घालून.

३ ऑगस्ट

आता खरा भाग, गोळी. ह्यावर मी महिनाभर घालवणार आहे आणि त्यात मला काही जास्त वाटत नाही.

पार्टिशन नावाच्या गोळीची गोष्ट सगळ्यांना माहीत असावी. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर ब्रिटिश कोलंबियात मूसच्या (एल्कहूनही मोठ्या हरणाच्या) शिकारीला गेला, हातात .३०० एच अँड एच मॅग्नम, गोळ्या बसत होत्या पण मूस पडेना, कारण त्या वेगाला साधी गोळी चिखल माखलेल्या जाड कातड्यावरच फुटत होती. घरी येऊन त्याने गोळीच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत घातली, पुढचं शिसं पसरतं, मागचं शाबूत राहून पुढे घुसतं. १९४८ पासून ती विकायला आली आणि आजही एल्कवाल्यांच्या खिशात असते. काडतुसाचा जोर वाढवून जे झालं नाही ते गोळीची रचना बदलून झालं, आणि पंचाहत्तर वर्षं झाली तरी दुकानात लोक जोराबद्दलच विचारतात!

आजचे प्रकार थोडक्यात. साधी कवच-शिसं गोळी हरणाला उत्तम, एल्कच्या फऱ्यावर भरवसा नाही. बाँडेड, म्हणजे शिसं कवचाला चिकटवलेलं, ॲक्युबाँड, ट्रॉफी बाँडेड टिप वगैरे, वेगळी होत नाही. पार्टिशन आणि स्विफ्ट ए-फ्रेम, मधे भिंत. अखंड तांबं, बार्न्स टीटीएसएक्स. आणि लांब पल्ल्याच्या मऊ गोळ्या, ईएलडी-एक्स, बर्गर, ज्या कमी वेगाला छान उघडतात पण जवळून हाडावर लागल्या तर फार लवकर फुटू शकतात. माझी हद्द ३०० असल्यामुळे शेवटच्या गटाची मला गरजच नाही, आणि दाट ॲस्पेनच्या झाडीत ४० यार्डांवर मादी समोर आली तर मला कडकच गोळी हवी.

१६ ऑगस्ट

मित्राच्या रँचवर पाण्याचे कॅन ओळीने लावून मारले, गॅलनचे, मागे मातीचा उंच बांध. पाणी म्हणजे मांस नाही, पाणी जास्त कठोर, पण दोन गोळ्यांची तुलना होते.

१८० ग्रेन ॲक्युबाँड: पहिले दोन कॅन फाटून चिंध्या, गोळी पाचव्यात सापडली. छान पसरलेली, कवच मागे वळलेलं, शिसं चकाकत होतं. तराजूवर १२२ ग्रेन. म्हणजे ५८ ग्रेन शिसं आणि तांबं वाटेत कणाकणाने सांडलं.

१६८ ग्रेन टीटीएसएक्स: पहिला कॅन तसाच फाटला, गोळी सहाव्यात. चार पाकळ्या मागे वळलेल्या, कडा धारदार, बोट फिरवलं तर लागेल इतक्या. वजन १६७. जवळपास काहीच सांडलं नाही.

दोन्ही कॅनमधलं पाणी नंतर पांढऱ्या बादलीत ओतून बघितलं. ॲक्युबाँडच्या बादलीच्या तळाशी राखाडी बारीक चुरा बसला, काही कण वाळूएवढे, काही त्याहून बारीक. तांब्याच्या गोळीच्या बादलीत प्लॅस्टिकच्या टोकाचा निळा तुकडा आणि बाकी स्वच्छ. घरी लेक सहा वर्षांची आहे, ती हेच मांस खाणार. शिशाचे असे कण जखमेपासून बरेच लांब जातात, डोळ्याला दिसतही नाहीत, खिम्यात मिसळून जातात. आणि आतडी-कोथळा तिथेच राहतो, तो खायला सोनेरी गरुड आणि कावळे येतात, ते शिसं त्यांच्या पोटात. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंदच केली, तिथे काँडोर गिधाडं ह्यानेच मरत होती. कोलोरॅडोत तशी सक्ती नाही. मला सक्तीची गरज वाटत नाही, बादली बघितली तेवढी पुरे.

३० ऑगस्ट

तांबं घ्यायचं म्हणजे हिशोब परत. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, काडतुसात जास्त जागा खाते आणि नळीच्या आतल्या, गोळीला फिरवणाऱ्या खाचांचा पीळ पुरेसा लागतो. म्हणून १८० च्या जागी १६८. वजन सांडत नाही म्हणून हलकी असली तरी शेवटी शिल्लक जास्तच राहते. माझ्या नळीचा पीळ दहा इंचाला एक, १६८ ला भरपूर.

क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) लावला. डब्यावर २८०० लिहिलंय, माझ्या २२ इंची नळीतून सरासरी २७४० आली. कंपन्या बहुतेक २४ इंची नळीतून मोजतात, तेव्हा हे अपेक्षितच होतं, पण डब्यावरच्या आकड्यावर टेबल बनवणाऱ्यांनी एकदा तरी मोजून घ्यावं. ९००० फुटांच्या हवेत ३०० यार्डांवर साधारण २३०० उरतात, ऊर्जा १९०० च्या वर. तांब्याला लागणाऱ्या २००० च्या बरंच वर. हिशोब जुळला.

१३ सप्टेंबर

तीन वेगवेगळ्या कारखानी काडतुसांची ग्रुपिंग (लागोपाठच्या गोळ्या किती जवळजवळ लागतात ते) बघितली, गोळीचा प्रकार बदलताना मधे नळी तांबं-क्लीनरने साफ करून. टीटीएसएक्स १०० यार्डांवर इंचभर, ॲक्युबाँड सव्वा इंच, तिसरं दोन इंचांच्या वर म्हणून बाद. एक महत्त्वाचं, १६८ आणि १८० एकाच झिरोवर (स्कोपच्या नेमाच्या एकाच जुळणीवर) वेगळ्या जागी लागल्या, दोन इंचांचा फरक. सीझनच्या आदल्या दिवशी दुकानात "आपली" गोळी नाही म्हणून दुसरी उचलणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. एकाच लॉटचे डबे घेऊन ठेवले.

झिरो २०० यार्डांवर. ३०० ला साधारण ८ इंच खाली, ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात ६-७ इंच बाजूला. हे दोनच आकडे दस्त्यावर टेपने चिकटवलेत.

११ ऑक्टोबर

पहाटे थंडीत, गार नळीतून पहिली गोळी कुठे जाते तेवढंच बघायला गेलो. २०० वर, प्लेटच्या मधे. एक बार, रायफल परत केसमध्ये. नारिंगी जाकीट-टोपी काढून ठेवली, कायद्याने ५०० चौरस इंच लागतं.

२७ ऑक्टोबर

सकाळी साडेआठ, उतारावर बर्फ, वारा तोंडावर. दादा बरोबर होते. अकरा माद्यांचा कळप ॲस्पेनमधून बाहेर आला, रेंजफाइंडरवर २१५. सॅकवर पालथा. पुढची मादी जरा तिरकी होती, दादा पुटपुटले, "थांब, वळू दे." मागे दुसरं जनावर पण होतं, आरपार गोळी जाते तेव्हा मागे कोण आहे ते बघावंच लागतं. ती दोन पावलं पुढे आली, आडवी झाली, मागे मोकळा उतार. पुढच्या फऱ्याच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात.

बार झाल्यावर ती वाकली, तीसेक यार्ड चालली, थांबली आणि पडली. दहा सेकंदही नसतील. आईला संध्याकाळी हेच सांगितलं.

सोलताना दादांनी वाट दाखवली. आत जायचं भोक करंगळीच्या टोकाएवढं, दोन फासळ्यांच्या मधून. दोन्ही फुफ्फुसं फाटलेली, हृदयाच्या वरच्या नसा तुटलेल्या. पलीकडच्या बाजूला एक फासळी मोडून गोळी बाहेर, ते भोक अंगठ्याहून जरा मोठं. पलीकडच्या फऱ्यावर रक्ताळलेलं मांस ओंजळभर, तेवढंच टाकलं. गोळी काही मिळाली नाही, ती मागच्या उतारात गेली. बर्फावर रक्ताची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग होती, ती झाडीत गेली असती तरी सापडली असती, आणि दोन्ही बाजूंना भोक असण्याचा खरा फायदा हाच.

९ नोव्हेंबर

सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) तपासणीचा रिपोर्ट आला, रोग नाही. हरणा-एल्कांत हा आजार कोलोरॅडोत आहे, म्हणून डोकं नमुन्यासाठी दिलं होतं आणि रिपोर्ट येईपर्यंत फ्रीझरमधल्या पाकिटांना हात लावला नव्हता. आज पहिला खिमा, गोडा मसाला घालून, लेकीने दोनदा मागून घेतला.

पुढच्या वर्षी नराच्या टॅगला अर्ज करणार आहे. दादांनी विचारलं, नरासाठी १८० घेणार का? नाही, रायफल तीच, गोळी तीच, उरलेले डबे त्याच लॉटचे आहेत. हिवाळ्यात गुडघ्यावर बसून मारायचा सराव करायचाय, तिथे मी अजून दीडशेच्या पुढे गेलेलो नाही.